दिघ्यांच्या स्वयंपाकघरातलं नेट

सकाळचे आठ वाजून गेले तरी समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. डिसेंबर संपत आला की दिल्लीच्या मयूर विहारात धुकं येऊन बसतं आणि अकरापर्यंत उठायचं नाव काढत नाही. गच्चीवरच्या दोरीवर पाहुण्यांच्या चादरी कालपासून टांगलेल्या होत्या, त्या वाळायच्या सोडून रात्रीत आणखी जड झाल्या होत्या. शशिकांत दिघ्यांनी एकेक चादर पिळून पाहिली, खांद्यावर टाकली आणि कानटोपी सावरत जिना उतरून खाली आले. बाहेरच्या खोलीत हीटर लावला, चार खुर्च्या त्याच्याभोवती मांडल्या, खुर्च्यांवर चादरी पसरल्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढ्यानं धाप लागते, तशी लागली. पण बसले नाहीत. स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या टॅबलेटपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "उठलीस का? आज धुकं आहे गं, पुढचं काही दिसत नाही. मी आता डाळ धुतोय."

टॅबलेटमध्ये गुरुग्राममधली एक खोली दिसत होती. खिडकी, पलंगाचा कठडा, आणि खुर्चीत बसलेल्या सुहासिनीबाईंचा एका बाजूचा चेहरा. अंगावर निळी शाल. त्या खिडकीकडे बघत होत्या. ओठ जरा हलले.

"हां, तुरीचीच," दिघे म्हणाले आणि डाळ धुवायला लागले. पातेलं ओट्यावर जरा आपटूनच ठेवलं. झाकणाचा आवाज केला. नळ मोठा सोडला. एरवी हा माणूस अगदी हळू हाताचा. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढली, पण त्यांच्या टेबलावर कधी पंचिंग मशीनचा आवाज झाला नाही, असं सेक्शनमधले लोक म्हणायचे. आता मात्र स्वयंपाकघरात ते रोज मुद्दाम भांडी वाजवायचे.

त्याचं कारण असं होतं. सव्वा वर्षापूर्वी, सुहासिनीबाईंना घरात ठेवणं अगदीच अशक्य झालं, तेव्हा मुलानं, आशयनं, हैदराबादहून येऊन ही गुरुग्रामची संस्था शोधली. विसरत चाललेल्या माणसांना तिथे सांभाळतात. दोनदा बाई घरचा गॅस उघडा टाकून निघून गेल्या होत्या. तिसऱ्यांदा थेट सरोजिनी नगरच्या बाजारात सापडल्या, भाजीवाल्याला आपल्या जुन्या सरकारी क्वार्टरचा नंबर सांगत होत्या. ते क्वार्टर सोडून तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. मग मात्र दिघ्यांनी मान हलवली. तिथे गेल्यावर पहिले दोन आठवडे बाईंनी अन्नाला तोंड लावलं नाही. "घरी स्वयंपाक पडलाय" म्हणून सारख्या उठायच्या. तिथल्या निधी नावाच्या परिचारिकेनं एकदा दिघ्यांना फोन लावून दिला, तेव्हा दिघ्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि बाई एकदम शांत झाल्या. म्हणाल्या, "झाला का भात?" आणि वाटीभर खिचडी खाल्ली.

तेव्हापासून हे सुरू झालं. सकाळी साडेसात ते रात्री आठ, इकडे एक टॅबलेट, तिकडे एक टॅबलेट, मध्ये अखंड व्हिडिओ कॉल. घरचे आवाज तिकडे जातील, तिला आपण घरातच आहोत असं वाटेल, बाई जेवेल. दिघ्यांना त्यात काही जगावेगळं वाटत नव्हतं. सरोजिनी नगरला लागूनच असलेल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्या क्वार्टरमध्ये बारा वर्षं दिघे बाहेरच्या व्हरांड्यात फाइल घेऊन बसायचे आणि बाई आतून फोडणी देता देता बोलत राहायच्या. शेजारणीचं, शाळेचं, दुधात पाणी घालणाऱ्या भैयाचं. मध्येच विचारायच्या, "ऐकताय ना?" हे म्हणायचे, "ऐकतोय," आणि फाइलचं पान उलटायचे. त्यातलं किती ऐकलं होतं, देव जाणे. आता त्यांची पाळी होती, एवढंच.

गच्चीवरची खोली, जिला दिल्लीकर बरसाती म्हणतात, ती आशयनं पाहुण्यांसाठी लावून दिली होती. दोन-चार दिवस दिल्ली बघायला येणारी माणसं उतरायची. तिच्यावरच गुरुग्रामचा खर्च निघत होता. माणसं खोलीवर खूश असायची, गच्चीवर खूश असायची, दिघ्यांच्या पोह्यांवर तर फारच. तक्रार एकच. नेट. कधी धो धो चालतं, कधी थेंब नाही. आशयनं दोनदा फोनवर सांगितलं होतं, "बाबा, आणखी दोघांनी असं लिहिलं ना, तर आपली खोली त्या बुकिंगच्या साइटवर पार खाली जाईल. मग कोणी येणार नाही. प्लीज त्या नेटवाल्याला बोलवा यार."

बोलावलं होतं. शंकर नावाचा नेटवाला दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याला नेट ठणठणीत सापडलं. "अंकलजी, सब फर्स्ट क्लास. बंदर वायर हिलाते होंगे," म्हणून गेला.

खरं काय ते दिघ्यांना माहीत होतं. राउटर मुळात जिन्याच्या डोक्याशी, गच्चीच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेला होता. तिथून बरसातीला पुरेपूर मिळायचं, पण खाली स्वयंपाकघरात टॅबलेटवरचं चित्र गोठायचं. दिवाळीच्या आधी असंच एकदा गोठलं, आवाजही गेला, आणि तिकडे बाई चपला हातात घेऊन संस्थेच्या फाटकापर्यंत गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी दिघ्यांनी बाजारातून लांब वायर आणली, राउटर जिन्यावरून खाली आणला आणि ओट्यावर स्टीलच्या डब्यांमागे, मायक्रोवेव्हला चिकटून ठेवून दिला. शंकर येणार म्हटलं की तासभर आधी पुन्हा वर नेऊन खिळ्याला टांगायचा, तो गेला की खाली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आशयलाही नाही. आयुष्यात ऑफिसची पेन्सिल घरी न आणलेला माणूस, पण याची त्यांना लाज वाटली नाही. वाटली असली तरी कुकर लावताना विसरायची.

साडेआठला वरून मायलेकी खाली आल्या. देविका पुण्यात नोकरीला, तिशीच्या आतली. आईला आयुष्यात पहिल्यांदा दिल्ली दाखवायला घेऊन आलेली. आई अहिल्याबाई इस्लामपूरच्या. दिघे मूळचे कराडचे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांचं सूत जुळलं होतं.

"आवो दादा, ही कसली वो थंडी," अहिल्याबाई स्वेटरवर शाल आणि शालीवर लेकीचं जॅकेट घालून खुर्चीत बसत म्हणाल्या. "दात वाजत्यात. रात्री उठून बघितलं, माजं दात हैत का शेजारी कोण सुपारी फोडतंय."

"अजून पडली कुठे आहे? जानेवारीत या."

"न्हाई बया. जानेवारीत मी माज्या चुलीपाशी."

देविकानं पोह्यांची बशी घेतली, पण खाल्लं नाही. "काका, एक सांगू का? राग मानू नका. काल परत दुपारी गेलं नेट. मी टिपून ठेवलंय. परवा साडेबारा ते दीड. काल बारा पस्तीस ते सव्वा. रोज तीच वेळ. सकाळी साडेआठलाही थोडं जातं, संध्याकाळीही. आज एक वाजता माझं मोठं प्रेझेंटेशन आहे. साहेबांनी याच अटीवर येऊ दिलंय मला. काल मध्येच माझा आवाज गेला आणि सगळे दहा मिनिटं मला म्यूट समजून ओरडत होते."

"माकडं असतात गं इथे," दिघे म्हणाले. तिच्याकडे न बघता. "वायरी ओढतात."

"रोज साडेबाराला?"

"आमच्याकडं उंदरं वायर खात्यात, हितं माकडं," अहिल्याबाई म्हणाल्या. "मोठं गाव, मोठी जनावरं. पर घड्याळ बघून खानारी म्या पयल्यांदाच ऐकली."

दिघे हसले. "बघतो. नेटवाल्याला फोन करतो जेवण झाल्यावर."

"जेवण झाल्यावर म्हणजे प्रेझेंटेशन झाल्यावर," देविका हळूच म्हणाली. दिघ्यांनी ऐकलं आणि पोह्यांवर झाकण ठेवलं. साडेबारा ही सुहासिनीबाईंची जेवायची वेळ होती. रोज त्या वेळी ते टॅबलेटपुढे आपलं ताट वाढून घेत आणि म्हणत, "चल, बस जेवायला." मग निधी तिकडे घास भरवायची. ती सावकाश खायची, म्हणून इकडे भाजी, आमटी, दूध मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा पुन्हा गरम व्हायचं, आणि वर बरसातीत देविकाचा आवाज जायचा. इतकी साधी गोष्ट. पण ते यंत्र चालू असलं की त्याच्या शेजारचा राउटर हातभरावरच्या टॅबलेटपलीकडे आंधळा होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, एक मजला खाली आणला तेवढा फरक पडणारच. पाहुण्यांनी घ्यावं चालवून. चार दिवसांची तर माणसं.

पावणेबाराला बेल वाजली. दार उघडलं तर गळ्यात मफलर, हातात पेटी, शंकर.

"आप? मैंने तो बुलाया नहीं."

"ऊपरवाली मैडम ने बुलाया, अंकलजी. सीढ़ी पे मेरा नंबर चिपका है ना." आणि तो बोलता बोलता जिन्याकडे वळला. वरून देविका उतरत होती. दोघांनी एकदमच रिकामा खिळा बघितला. खिळ्यापासून एक वायर भिंतीच्या कडेकडेनं खाली उतरली होती, दाराच्या चौकटीवरून वळली होती आणि स्वयंपाकघरात शिरली होती. जागोजागी पांढरी चिकटपट्टी, सरकारी फाइलीला लावावी तशी सरळ रेषेत.

शंकर वायरीमागोमाग चालत स्वयंपाकघरात गेला. डब्यांमागे वाकून बघितलं. मायक्रोवेव्हवर हात ठेवला. मग सरळ उभा राहिला आणि हसला. "तो बंदर ये हैं."

दिघे दारात उभे होते. त्यांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली.

"अंकलजी, दो बार मुझे फालतू में बुलाया. मैं छत पे चढ़ा, खंभे पे चढ़ा. इसके बगल में ओवन चलाओगे तो ऊपर क्या खाक जाएगा? और आगे ये स्टील की दीवार. किसने रखा यहाँ?"

"मैंने."

"क्यों?"

त्याच्या 'क्यों'ला उत्तर टॅबलेटमधून आलं. निधीचा आवाज होता, बाईंना नव्हे, दुसऱ्या कुणाला तरी हाक मारत होती. शंकरनं आणि देविकानं वळून बघितलं. निळी शाल, खिडकी, अर्धा चेहरा.

"माझी मिसेस," दिघे म्हणाले. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. तुटक तुटक सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. चपला घेऊन फाटकापर्यंत गेल्या ते सांगताना थांबले. अहिल्याबाईही तोवर खाली आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. टॅबलेटजवळ जाऊन नीट बघितलं. "गोऱ्या हैत की वैनी," म्हणाल्या. "कुटल्या?"

"पुण्याच्या."

"मंग मराटी शाळंत शिकवत असतील."

"चौथीला. इथल्याच मराठी शाळेत, बावीस वर्षं."

देविकाचा चेहरा उतरला होता. "काका, राहू दे. मी मेट्रो स्टेशनजवळ कॉफीच्या दुकानात जाऊन बसते. तिथे असतं नेट. खरंच, बिल्कुल टेन्शन घेऊ नका."

"गप ए," अहिल्याबाई म्हणाल्या. "कॉफीच्या दुकानात बसून सायबाला काय सांगणार, मागं यंत्रं फुसफुसत्यात ते?"

शंकर घड्याळ बघत होता. "अंकलजी, वापस ऊपर टाँगना आधे घंटे का काम है. सेटिंग भी करनी पड़ेगी. किचन में बाद में देखते हैं. अभी करूँ, कि मैं जाऊँ?"

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता बंद केलं तर साडेबाराचं जेवण बुडणार. बाई उठेल. फाटकापर्यंत जाईल. निधीला दोन मजले तिच्यामागे पळावं लागेल. आणि नाही केलं, तर ही पोरगी. तिनं एक शब्द वाईट बोललेला नाही. तिनं वाईट लिहिलं तर खोली जाईल. खोली गेली तर गुरुग्राम जाईल. दिघे असा हिशोब मनातल्या मनात दोनदा करून आले आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले. सुहासिनीनं तिथे राहायचं असेल तर आज तिचं जेवण चुकणार.

ते टॅबलेटकडे गेले. "सुहास," म्हणाले, घरात तिला असंच म्हणत. "थोडा वेळ लाइट जातेय. तू जेवून घे. मी येतोच." बाईंनी मान वळवली नाही. दिघ्यांनी हात लांब करून मायक्रोवेव्हच्या मागचं बटण स्वतःच बंद केलं. राउटरचे दिवे विझले. चित्र थांबलं, बाईंचे ओठ अर्धवट उघडे तसेच राहिले.

शंकर कामाला लागला. वर ठोकाठोकी सुरू झाली. दिघे बाल्कनीत आले, कारण मोबाइलला आत स्वयंपाकघरात रेंज मिळत नसे, बाल्कनीच्या टोकाला उभं राहिलं तर मिळे. साडेबारा झाले. त्यांनी लगेच फोन लावला नाही. निधीचे हात अडकलेले असतील, बाईला धरायला माणसं लागली असतील. खाली कुणीतरी गाडीच्या काचेवरचं दव हातानं पुसत होतं. बारा चाळीस. आता ताट सारलं असेल. बारा पन्नास. त्यांनी नंबर लावला.

"हाँ अंकलजी," निधी म्हणाली. मागे शांत होतं.

"निकल गई क्या वो? सँभाला?"

"कौन? आंटी? नहीं नहीं, आंटी तो सो रही हैं. खाना खा लिया. पूरी कटोरी. दही भी लिया."

"मेरे बिना?"

 दिघ्यांना वाटलं रेंज गेली. ते आणखी टोकाला सरकले, कठड्याला पोट लागेपर्यंत. "हॅलो?"

"अंकलजी, एक बात है. पहले ही बोलना चाहिए था मुझे." पोरगी अडखळत होती. "टैबलेट की आवाज़ तो हम दिवाली से बंद रखते हैं. आंटी को डर लगता था. बर्तन गिरता, सीटी बजती, तो रोती थीं. पूछती थीं, ये आदमी कौन है, क्यों बोलता रहता है. मैंने आवाज़ बंद कर दी तो आराम से रहने लगीं. आप रोज़ सुबह इतने टाइम से आते हो, बात करते हो... मुझसे बोला नहीं गया."

"दिवाली से."

"हाँ जी."

दिघ्यांना दिवाळी आठवली. पाडव्याच्या सकाळी ते चकलीचं पीठ मळत होते आणि टॅबलेटमधून बाईंचा आवाज स्पष्ट आला होता, "तो माणूस कोण आहे?" त्यांना किती आनंद झाला होता, किती दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली म्हणून. त्यांनी हसून सांगितलं होतं, "अगं, तिथला वॉर्डबॉय असेल, चहा घेऊन आला असेल." आणि दर रविवारी मेट्रो बदलत ते भेटायला जात, तेव्हा बाई त्यांना खुर्ची दाखवायच्या, चहा घेणार का विचारायच्या, घरात आलेल्या पाहुण्याला विचारतात तसं. मान जरा तिरकी करून, अगदी नीट. त्यांना वाटायचं, तिची तब्येत आज चांगली आहे.

"अंकलजी, आप नाराज़ तो नहीं?"

"नहीं बेटा," दिघे म्हणाले. "खाती है ना?"

"बिल्कुल. वज़न भी बढ़ा है. इस महीने डेढ़ किलो."

"अच्छा. ठीक. अच्छा किया तुमने."

त्यांनी फोन खिशात टाकला. धुकं आता विरळ झालं होतं. समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवर बायका गाद्या उन्हात टाकत होत्या, ऊन अजून पडलेलंच नव्हतं तरी. ते तिकडे बघत उभे राहिले. वरून देविकाचा आवाज येत होता, इंग्रजीत, स्पष्ट, न अडखळता. कुणीतरी काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं, कुणीतरी हसलं. चांगलं चाललं होतं तिचं.

आत आले तेव्हा अहिल्याबाई ओट्यापाशी होत्या. त्यांनी न विचारता भात वाढायला घेतला होता. आपल्या स्वयंपाकघरात बाई इतकी सहज वावरताना बघायची दिघ्यांच्या डोळ्यांची सवय मोडली होती.

"लागला का फोन? वैनी जेवल्या?"

"जेवली," दिघे म्हणाले. "पूर्ण वाटी. दहीसुद्धा."

"बगा. आन् तुमी हितं जीव टांगून बसला हुता. बाई मानूस असतंय शानं. पोटाला लागलं की खातंय." त्यांनी दिघ्यांकडे एकदा बघितलं आणि मग बघायचं थांबवलं. आमटीचं पातेलं खाली उतरवलं. "बसा. तुमच्या तोंडाला चव न्हाई दिसत. दोन घास खावा."

दिघे बसले. दोन घास खाल्ले. तिसरा हातात तसाच राहिला. शंकर हात पुसत जिन्यावरून उतरला आणि दारातूनच म्हणाला, "ऊपर एकदम मक्खन चल रहा है, अंकलजी. सुनो, एक काम कर सकते हैं. किचन के लिए छोटा डिब्बा अलग से लगा दूँ? ये टैबलेट के लिए. फिर ऊपर भी चलेगा, यहाँ भी. कल ले आता हूँ."

मसाल्याच्या डब्याला टेकवलेल्या टॅबलेटवर एक गोल फिरत होता. पुन्हा जोडायला बघत होता. दिघ्यांनी डाव्या हातानं तो उचलला, उष्टा हात लागू नये म्हणून जपून, आणि पालथा ठेवला.

"रहने दो," ते म्हणाले. "ज़रूरत नहीं है."

"पक्का?"

"पक्का."

शंकरनं खांदे उडवले. पण दारातून लगेच गेला नाही. भिंतीवरची चिकटपट्टी बोटानं उचकटून बघितली. "ये वायर निकाल दूँ?"

"मैं निकाल लूँगा. धीरे-धीरे."

तो गेला. अहिल्याबाई आपलं ताट घेऊन समोर बसल्या आणि जेवल्या. मध्येच म्हणाल्या, "आमचं ह्ये गेलं तवा मी सा महिनं दोन ताटं वाढत हुते. देविकानं एक दिवस दुसरं ताट उचलून मोरीत ठेवलं. मी लई भांडले तिच्यासंगं."

"मग?"

"मग काय. तिनं ठेवलं ते ठेवलंच."

दिघ्यांनी मान हलवली. "ती आहे ना पण," ते म्हणाले. "आहे. बरी आहे. वजन वाढलंय."

"व्हय."

"माझ्या आवाजाला भ्यायची."

अहिल्याबाईंचा हात थांबला.  त्यांनी पाण्याचा तांब्या दिघ्यांकडे सरकवला. दिघे पाणी प्यायले, सगळा तांब्या, आणि ताटातला भात एका बाजूला गोळा करत राहिले. बोटांनी, गोल, मग चौकोनी. वर देविकाचा आवाज थांबला होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग ती जिन्यावरून पळत उतरली. "झालं, काका. एकदाही गेलं नाही. साहेब म्हणाले—" आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं पुढचं गिळलं.

"छान झालं," दिघे म्हणाले. "चांगलं झालं बेटा. भात घे. गरम आहे अजून."

तेवढ्यात बाथरूममधल्या नळाला आधी हवा आली, खडखडला, आणि मग धार लागली. दुपारचं पाणी अर्धा तास येतं आणि दाब असा की मोटर लावल्याशिवाय वरच्या टाकीत थेंब चढत नाही. दिघे उठले. हात धुतला, जुन्या धोतराच्या फडक्याला पुसला, आणि मोटरचं बटण दाबायला पॅसेजमध्ये गेले. मोटर घुरघुरली, नुसती हवा ओढायला लागली. त्यांनी ती बंद केली, खाली वाकून झाकण उघडलं आणि आतली हवा निघावी म्हणून मगानं तिच्यात पाणी ओतायला लागले.